आडत दुकानातलं कॉम्प्युटरचं काम हलकं कसं करायचं?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानात ऑफिस सांभाळणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. सकाळी हळदीच्या सौद्याची यादी एक्सेलमध्ये भरायची, दुपारी शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, काढायच्या, मग खरेदीदारांची बिलं, बँकेत द्यायची यादी आणि वर मराठीत दोन-चार पत्रं. दिवसभर कीबोर्ड बडवूनही संध्याकाळी काम उरतंच, खांदा दुखतो तो वेगळाच. एक्सेलमध्ये तारखा आणि खातेनंबर आपोआप बिघडतात. मराठी पत्र पाठवलं की समोरच्याला भलतंच काहीतरी दिसतं. मशीन सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो. तर ॲडव्हान्स एक्सेलचा कोर्स करावा, टायपिंगचा वेग वाढवावा, की मालकांना नवीन कॉम्प्युटर घ्यायला सांगावं?

ताई, या तिन्हींपैकी आत्ता काहीच नको. यार्डातली दुकानं, विश्रामबागेतल्या पतसंस्था, कुपवाडचे छोटे कारखाने, असे ऑफिसांचे कॉम्प्युटर बघण्यातच माझी नोकरी-धंद्याची वर्षं गेली. टायपिंग हळू आहे म्हणून काम तुंबलंय असं मला क्वचित दिसलं. काम तुंबतं ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा केल्यामुळे. एका शेतकऱ्याचं नाव यादीत, पट्टीत, बँकेच्या फाइलमध्ये आणि पत्रात असं चारदा टाइप होतं. कालची फाइल शोधण्यात वेळ जातो. बिघडलेली तारीख दुरुस्त करण्यात जातो. वेग दुप्पट केलात तरी हे सगळं तसंच राहणार.

म्हणून भिंतीवर शंभर शॉर्टकटचा तक्ता चिकटवू नका. तो तक्ता मी कित्येक ऑफिसांत पाहिलाय, त्याच्यावर धूळ असते. त्याऐवजी एक दिवस कीबोर्डशेजारी कागद ठेवा आणि जे दुसऱ्यांदा करावं लागलं ते त्यावर लिहा. संध्याकाळी पाच-सहा गोष्टी निघतील, तेवढ्यांचाच बंदोबस्त करायचा. तुमच्या प्रश्नावरून त्यातल्या बऱ्याचशा मला आत्ताच दिसतायत.

सौद्याच्या यादीपासून सुरू करू. आपल्याकडे यादी कशी असते? एका शेतकऱ्याचे चार लॉट असतील तर पहिल्या ओळीत नाव, खालच्या तीन ओळी रिकाम्या. कागदावर हे छान दिसतं. एक्सेलला मात्र त्या तीन ओळी कोणाच्या हे कळत नाही, म्हणून फिल्टर लावला की लॉट गायब होतात, बेरीज चुकते, आणि तुम्ही पट्टी हाताने जुळवत बसता. बहुतेक जण मग नाव खाली ओढून ओढून भरतात. तसं करू नका.

नावांचा कॉलम यादीच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सिलेक्ट करा. एफ ५ दाबा. छोटी चौकट येईल, त्यात ‘स्पेशल’ वर जा आणि ‘ब्लँक्स’ निवडून ओके म्हणा. आता फक्त रिकाम्या जागा निवडलेल्या राहतील. इथे माउस कुठेही क्लिक करायचा नाही, नाहीतर निवड जाते. सरळ बरोबरचं चिन्ह टाइप करा, वरचा बाण एकदा दाबा आणि कंट्रोल धरून एंटर मारा. प्रत्येक रिकाम्या जागेत तिच्या वरचं नाव येऊन बसेल, यादी चारशे ओळींची असली तरी. एवढ्यावर थांबू नका. तो अख्खा कॉलम कॉपी करा आणि त्याच जागी ‘पेस्ट स्पेशल’ मधून ‘व्हॅल्यूज’ म्हणून पेस्ट करा. ही पायरी गाळली तर आत नाव नसतं, ‘वरची ओळ बघ’ एवढी सूचना असते. मग कोणी यादी वजनाप्रमाणे सॉर्ट केली की वरची ओळ बदलते आणि एकाची हळद दुसऱ्याच्या नावावर चढते. असली चूक पट्टी हातात पडेपर्यंत दिसत नाही, आणि दिसली की भांडणच. आणखी एक: एखाद्या जागेत चुकून स्पेसबार दाबलेला असेल तर ती जागा एक्सेलच्या लेखी रिकामी नसते, त्यामुळे शेवटी एकदा नजर फिरवाच.

नावं भरली की ‘इन्सर्ट’ मधून पिव्हट टेबल घाला. डावीकडे नाव, बेरजेत क्विंटल आणि रक्कम. प्रत्येकाचे लॉट, वजन, पैसे एका ओळीत. पिव्हटला लोक उगीच घाबरतात. ॲडव्हान्स कोर्समध्ये शिकवतात म्हणून ते अवघड वाटतं, बाकी त्यात ओढून टाकण्यापलीकडे काही नाही.

पण पिव्हट लावलात की एक जुनं दुखणं उघडं पडेल. एकच माणूस तीन ओळींत येईल: बाळासो, बाळासाहेब, आणि बाळासाहेब पण मागे एक स्पेस असलेला. इथे दोन उपाय आहेत, दोन्ही करा. पहिला लगेचचा. नाव टाइप करण्याऐवजी आल्ट धरून खालचा बाण दाबा. त्या कॉलममध्ये सलग वर लिहिलेली सगळी नावं यादीसारखी उघडतात, त्यातून उचला. दुसरा कायमचा. शेतकऱ्यांची एक वेगळी शीट करा, त्यात नंबर, नाव, गाव, मोबाइल, खातेनंबर, आयएफएससी. ही शीट एकदाच भरायची. रोजच्या यादीत फक्त नंबर टाकायचा आणि बाकीचं व्हीलुकअपने आपोआप आणायचं. तुम्हाला एकच फॉर्म्युला शिकायचा असेल तर हा शिका. त्याच्या शेवटच्या जागी शून्य लिहायला मात्र विसरायचं नाही. ती जागा मोकळी सोडली तर नंबर सापडला नाही तरी एक्सेल जवळचा दुसरा धरतो आणि तोंड वर करून भलत्याच माणसाचं खातं आणून देतो. ऑफिस २०२१ किंवा ३६५ असेल तर एक्सलुकअप वापरा, त्यात ही भानगड नाही.

गावांची यादी एकाच रकान्यात ‘आष्टा, ता. वाळवा’, ‘सावळज, ता. तासगाव’, ‘ढालगाव, ता. कवठेमहांकाळ’ अशी भरलेली असेल आणि गाव-तालुका वेगळे हवे असतील, तर शेजारच्या रकान्यात पहिलं गाव स्वतः लिहा, खालच्या ओळीत या आणि कंट्रोल ई दाबा. एक्सेल २०१३ पासून हे आहे. तुम्ही काय केलंत ते बघून एक्सेल बाकीचं भरतो. पण तो अंदाज असतो, त्यामुळे पाच-दहा ओळी तपासून घ्या. आणखी तीन बोटांवर ठेवा: आजच्या तारखेसाठी कंट्रोल आणि अर्धविराम, वरच्यासारखंच खाली भरायला कंट्रोल डी, बेरजेला आल्ट आणि बरोबरचं चिन्ह. तुमच्या कामाला एवढे पुरे.

आता बिघडणाऱ्या तारखा. हा एक्सेलचा दोष नाही, विंडोज अमेरिकेत राहतोय असं समजून चाललेला असतो. विंडोज टाकताना प्रदेश ‘युनायटेड स्टेट्स’ तसाच राहिला की ५ ऑगस्ट म्हणून ५/८ लिहिलं तरी तो ८ मे वाचतो. आणि २५/८ लिहिलं तर पंचविसावा महिना नसल्यामुळे ती तारीखच नाही असं समजून नुसती अक्षरं म्हणून ठेवतो. ओळखायचं कसं? रकाना रुंद करा. खरी तारीख उजवीकडे चिकटते, अक्षरं झालेली डावीकडे. एकाच कॉलममध्ये काही डावीकडे काही उजवीकडे दिसल्या तर समजायचं की उजवीकडच्यासुद्धा उलट्या वाचल्या गेल्यात. पैकी उजवीकडच्या जास्त घातक, कारण त्या बरोबर दिसतात.

सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात ‘रीजन’, आणि फॉरमॅट ‘इंग्लिश, इंडिया’ करा. एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. तारीख दिवस-महिना-वर्ष अशी होते, आणि वर एक फायदा फुकट मिळतो: रकमेचे स्वल्पविराम लाख-कोटीप्रमाणे पडतात. १,२३४,५६७ ऐवजी १२,३४,५६७. पट्टीवर मिलियनचा स्वल्पविराम बघून शेतकरी रक्कम दोनदा विचारतो, तो त्रास जातो. आधीच बिघडलेल्या तारखा मात्र यामुळे सुधारत नाहीत, त्या एकदा बसून बघाव्या लागतील.

खातेनंबरांचं दुखणं वेगळं. एक्सेल कुठलाही आकडा पंधरा अंकांपर्यंतच अचूक सांभाळतो. सोळा अंकी खातेनंबर टाकलात की सोळावा अंक शून्य होतो. त्याचा गाजावाजा नाही, इशारा नाही. सुरुवातीची शून्यं तर तो लगेच खातो, आणि अकरापेक्षा जास्त अंक असले की मध्येच ई आणि अधिकचं चिन्ह घालून आकडा आखडून दाखवतो. म्हणून खातेनंबराचा कॉलम भरायच्या *आधी* त्याचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करा. भरल्यावर करून उपयोग नाही, गेलेला अंक परत येत नाही. एखादाच नंबर असेल तर त्याच्या आधी एकेरी अवतरण टाका, तेही चालतं. बँकेकडून किंवा पोर्टलवरून येणारी सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून कधी उघडू नका, उघडतानाच शून्यं जातात आणि तुम्ही सेव्ह म्हटलं की ती कायमची गेली. ‘डेटा’ मेनूतल्या ‘फ्रॉम टेक्स्ट’ मधून आणा आणि त्या कॉलमला टेक्स्ट म्हणा. आरटीजीएसच्या यादीत हे पाळलंत तर बँकेतून परत येणारे निम्मे फोन बंद होतील असं मी म्हणणार नाही, पण नंबर चुकल्याचे तरी येणार नाहीत.

मराठी पत्राकडे येऊ. समोरच्याला भलतंच दिसतं याचा अर्थ तुमच्या मशीनवर पत्रं अजून जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होतायत, श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी वगैरे. या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, वर मराठीचा पोशाख. तो फॉन्ट समोर नसला की पोशाख उतरतो. छपाईवाल्यांचा अजून त्यावर जीव आहे, आणि त्यांच्या कामात तो ठीकही आहे, पण ऑफिसच्या पत्राला त्याचा काही उपयोग नाही. युनिकोडमध्ये लिहा, म्हणजे ज्यात आत खरी मराठी अक्षरंच साठतात आणि कुठल्याही मशीनवर मराठीच दिसतात, त्या पद्धतीत. विंडोजमध्ये निर्मला हा फॉन्ट आहेच, जरा नेटकं हवं असेल तर मुक्त मिळणारा ‘मुक्ता’ चांगला दिसतो. जुनी पत्रं युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, फक्त बदलल्यावर रफार आणि जोडाक्षरं वाचून घ्या.

कीबोर्ड कुठला, यावर आमच्या धंद्यात हाणामाऱ्या होतात. माझं मत सांगतो. सरकारी टायपिंग परीक्षा रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, पास झाला असाल आणि बोटं बसली असतील, तर ती मोडू नका. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रेमिंग्टनच्या मांडणीने युनिकोड टाइप करता येतं. दिवसाला चार ओळी मराठी लिहीत असाल तर विंडोजमधला ‘मराठी फोनेटिक’ पुरे, तो विंडोज १० मध्ये २०१९ पासून आलाय. इंग्रजी अक्षरांनी लिहा, मराठी होतं. पण रोज पानभर मराठी असेल तर इन्स्क्रिप्टच शिका, ही भारतीय भाषांसाठी ठरवलेली कीबोर्डची मांडणी. पहिला आठवडा शिव्या द्याल, मग दुसरं काही वापरणार नाही. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि क ला शिफ्ट धरला की ख, ग ला धरला की घ, त ला धरला की थ. ‘सांगली’ साठी फक्त सहा कळा: एम, ई, एक्स, आय, एन, आर. त्याच एनला शिफ्ट धरला की ळ, म्हणजे हळदीची सोय झाली.

आणि आपल्या यार्डात दिवसाला पन्नासदा लागणारा शब्द, ‘शेतकऱ्यांना’. हा निम्म्या पत्रांत ‘शेतकर्यांना’ असा रफार चढवून गेलेला असतो. साधा र आणि हलन्त दिला की य वर रफार जाणारच. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबा, मग डी, मग तिरप्या रेघेची कळ: ऱ्य. बाजार समितीला जाणाऱ्या पत्रात तरी हे नीट असावं असं मला वाटतं. बाकी तुमची मर्जी.

लांबलचक मजकुरासाठी गूगल डॉक्समध्ये मराठी बोलून टाइप होतं, मोबाइलच्या कीबोर्डवरही होतं. दुकानात हमालांचा आणि फोनचा आवाज असतो, त्यामुळे तिथे ते फारसं जमत नाही. घरी जमेल.

मराठी-इंग्रजी बदलायला विंडोज कळ आणि स्पेसबार. यात एक डोकेदुखी आहे: वर्डमध्ये मराठी केलं की एक्सेलमध्येही मराठी होतं, मग पुन्हा बदला. ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ मध्ये प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवायची एक टिकमार्क आहे, ती लावा. वर्ड मराठीत राहील, एक्सेल इंग्रजीत. आणि ‘पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही’ असं झालं की कोणाला फोन करायच्या आधी खालच्या पट्टीत उजवीकडे भाषा कुठली आहे ते बघा. माझे अर्धे फोन तेवढ्यासाठी येतात.

पुन्हा पुन्हा लागणारी वाक्यं टाइप करायची गरज नाही. वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये ‘कृउबा’ लिहिलं की ‘मा. सचिव, कृषी उत्पन्न बाजार समिती, सांगली’ असं येईल अशी नोंद करा. दुकानाचा पत्ता पिनकोड ४१६४१६ सकट तसाच. छोटी खूण निवडताना ती एरवी लिहिण्यात येणार नाही अशी घ्या. अख्खा परिच्छेद असेल, समजा उधारीच्या स्मरणपत्राचा, तर तो सिलेक्ट करून आल्ट एफ ३ ने साठवा, नाव द्या. पुढच्या वेळी ते नाव लिहून एफ ३ दाबला की परिच्छेद हजर. आणि एकच पत्र पन्नास खरेदीदारांना जाणार असेल तर वर्डचं मेल मर्ज. नाव आणि रक्कम एक्सेलमधून, मजकूर वर्डमधून. ते एका दुपारी शिकून होतं.

कॉपी-पेस्टमध्ये सगळ्यात उपयोगी गोष्ट विंडोज कळ आणि व्ही. पहिल्यांदा दाबलं की ‘चालू करू का’ विचारतो, हो म्हणा. मग तुम्ही कॉपी केलेल्या शेवटच्या पंचवीस गोष्टी त्या यादीत राहतात. पट्टीतून नाव, खातेनंबर, रक्कम असं एकामागोमाग कॉपी करा आणि बँकेच्या पोर्टलवर एकेक उचलून टाका. खिडक्यांमध्ये ये-जा निम्म्याने कमी. नेहमी लागणारा जीएसटी नंबर तिथेच पिन करून ठेवा, मशीन बंद केलं तरी राहतो. पण तुमच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसत असेल तर सावध. कॉपी केलेला पासवर्डही त्या यादीत दिसतो. जेवायला उठताना विंडोज कळ आणि एल, स्क्रीन कुलूपबंद.

स्क्रीनच्या तुकड्याचा फोटो विंडोज, शिफ्ट, एस. मोबाइलने स्क्रीनचे फोटो काढून पाठवायचं बंद करा हो, त्यावरचा आकडा वाचता वाचता पुढच्याचे डोळे जातात. नेटवरचा मजकूर वर्डमध्ये रंगीबेरंगी न येता साधा हवा असेल तर ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ निवडून पेस्ट करा. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल शिफ्ट टी ने परत येतो. टॅली प्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर कालच्यासारखंच बिल आज करायचंय तेव्हा त्या व्हाउचरवर आल्ट २, प्रत तयार. तारीख आणि रक्कम बदला.

फाइली सापडत नाहीत त्याचं कारण नावं. ‘पट्टी नवीन’, ‘पट्टी नवीन फायनल’, ‘पट्टी फायनल खरी’. हसू नका, तुमच्याही डेस्कटॉपवर असणार. तारीख उलटी लिहा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: ‘२०२५-०३-१८ सौदा हळद’. अशी नावं दिली की फाइली आपोआप क्रमाने लागतात, शोधायचं कामच उरत नाही. नाव बदलायला एफ २, आणि बदलून एंटरऐवजी टॅब दाबला तर थेट पुढच्या फाइलचं नाव बदलायला मिळतं. व्हॉट्सॲपवरून उतरलेले पन्नास फोटो असे पटापट होतात. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘प्रत्येक फाइल कुठे ठेवायची ते विचारा’ हे चालू करा, म्हणजे डाउनलोडच्या उकिरड्यात काही जाणार नाही.

शोधायचंच असेल तर ‘एव्हरीथिंग’ नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, व्हॉइडटूल्सचं. नावातली दोन अक्षरं टाका, अख्ख्या मशीनमधली फाइल टाइप करता करता समोर येते. मी कुठल्याही ऑफिसात गेलो की पहिलं हेच टाकतो. मायक्रोसॉफ्टचं ‘पॉवरटॉइज’ पण फुकट आहे, त्यातलं फोटो लहान करायचं साधन अर्जांना फोटो जोडताना कामाला येतं. बाकी ‘मशीन फास्ट करतो’ म्हणणारं कुठलंही सॉफ्टवेअर टाकू नका. एकही नाही.

वीज जाते तेव्हाचं. एक्सेल आणि वर्डमध्ये ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ इथे ऑटोरिकव्हरची वेळ दहा मिनिटं असते, ती दोन करा. यूपीएस असला तरी करा. दहा मिनिटांत सौद्याच्या किती ओळी होतात ते तुम्हालाच माहीत.

बॅकअपबद्दल आपल्या गावात वेगळं सांगायची गरज नसावी, पण आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा नदी ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ असताना. मारुती चौक, हरभट रोडवरच्या कितीतरी दुकानांत कॉम्प्युटर पाण्याखाली होते, आणि बॅकअपचा पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. बॅकअप मशीनशेजारी ठेवला तर तो बॅकअप नाही. टॅलीचा बॅकअप आणि एक्सेलचा फोल्डर रोज गूगल ड्राइव्हवर जाऊ द्या, पंधरा जीबीपर्यंत फुकट आहे आणि तुमच्या हिशेबांना ते वर्षानुवर्षं पुरेल. शिवाय आठवड्याला एक पेन ड्राइव्ह मालकांच्या घरी. खाती दुकानाच्या नावाने उघडा, तुमच्या वैयक्तिक ईमेलवर नको. उद्या नोकरी बदललीत तर तुम्हालाही त्रास आणि त्यांनाही.

खांद्याचं बहुतेक माउसमुळे असतं. आकड्यांच्या कळांचा रुंद कीबोर्ड मधोमध ठेवला की माउस फार उजवीकडे जातो आणि हात दिवसभर लांब ताणून राहतो. कीबोर्ड थोडा डावीकडे सरकवा, म्हणजे अक्षरांचा भाग तुमच्यासमोर येईल आणि माउस जवळ. तेवढ्याने बरं वाटलं नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवा, माझ्यासारख्याचं ऐकत बसू नका.

शेवटी मशीनचं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘स्टार्टअप’ मध्ये सुरू होताना आपोआप उठणारे प्रोग्रॅम दिसतील. प्रिंटरचे, गाण्यांचे, मीटिंगचे, कोणी कधी टाकलेले. अँटीव्हायरस, बॅकअपचं गूगल ड्राइव्ह आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर सोडून बाकीचे ‘डिसेबल’ करा. यात काही डिलीट होत नाही, लागेल तेव्हा हाताने उघडता येतं. मग तिथेच ‘परफॉर्मन्स’ मध्ये डिस्ककडे बघा. तिथे एचडीडी लिहिलेलं असेल आणि मशीन सुरू झाल्यावर बराच वेळ १०० टक्के दिसत असेल, तर दुखणं सापडलं. जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा, रॅम चार जीबी असेल तर आठ करा. नव्या कॉम्प्युटरच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे आणि फरक पहिल्याच सकाळी कळतो.

एक अट तपासून मगच हा खर्च करा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. बँकेची कामं ज्या मशीनवर होतात ते सुरक्षेच्या अपडेटशिवाय चालवणं मला पटत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवून बघा, ते सरळ हो किंवा नाही सांगतं. हो आलं तर एसएसडी आणि विंडोज ११. नाही आलं तर मालकांना नव्या मशीनचं सांगायला तुमच्याकडे ठोस कारण आहे, आणि तेव्हा ‘कॉम्प्युटर स्लो आहे’ असं न म्हणता हेच कारण सांगा.

एसएसडी बसवायला दिलात तर दुकानदाराला ‘क्लोन करून द्या’ म्हणा, म्हणजे सगळं जसंच्या तसं येईल. द्यायच्या आधी टॅलीचा बॅकअप स्वतः घ्या. आणि काढलेली जुनी हार्डडिस्क तिथे सोडू नका, मागून घ्या. तिच्यात तुमच्या सगळ्या शेतकऱ्यांचे खातेनंबर आहेत.